मेहरूण युनायटेडची खरेदी

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज. कामिनीला घेऊन सासरी, पारोळ्याला गेलो. साडू प्रेमराज धुळ्याहून आधीच येऊन बसलेला. सोबत फुटबॉलचा कप. लोक सासरी मिठाई नेतात, हा कप नेतो. सासऱ्यांनी तो टीव्हीशेजारी ठेवला. माझा मिठाईचा डबा फ्रीजवर.

सासरे म्हणाले, प्रेमराजच्या टीमने खान्देश लीग जिंकली. तुमचीही टीम आहे ना जळगावला? तुम्ही कितवे?

सातवे, म्हणालो. किती टीमपैकी ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. प्रेमराजने सांगितलं. आठ.

परत येताना एरंडोलपर्यंत आठच्या आकड्याचा विचार केला. एरंडोल गेल्यावर निर्णय झाला. यंदा कप माझा. आजपासून रोजनिशी. पुढे आत्मचरित्र लिहिताना तारखा शोधाव्या लागायला नकोत.

२६ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ७

मेहरूण तलावाजवळच्या मैदानावर जाऊन पाहणी केली. बावीस वर्षं हे लोक 'मेहरूण क्रीडा मंडळ' या नावाखाली खेळत होते. नावातच पराभव. गेल्या वर्षी टीमला सामन्याला न्यायला मी केळीचा ट्रक दिला, तेव्हा मला अध्यक्ष केलं. मी नाव 'मेहरूण युनायटेड' केलं आणि स्वतःला चेअरमन. यापलीकडे वर्षभरात कोणी काही केलेलं नाही.

कोच संघपाल तायडे सर. दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर. रोज पहाटे तिथून स्कूटरवर येतात. मानधन घेत नाहीत. संशयास्पद.

सरांना विचारलं, कप जिंकायला काय लागेल? म्हणाले, चार बॉल, गोलला जाळी आणि मागच्या चार पोरांना बूट. माणूस छोटा विचार करतो. मी म्हटलं, सर, मी चार स्टार आणतो. माझ्या रायपनिंग चेंबरमध्ये हिरवी केळी टाकली की चार दिवसांत पिवळी होतात. टीमचंही तसंच. योग्य तापमान, योग्य पैसा.

सर म्हणाले, "पिकतात साहेब, पण वाढत नाहीत."

मी घड्याळ पाहिलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

एजंट नेमला. योगराज. अजिंठा चौफुलीजवळ जुन्या गाड्या विकतो. युरोपातले क्लब एजंटशिवाय पाणी पीत नाहीत. इथे कोणाला ही दृष्टी आहे?

योगराजने भुसावळचा एक स्ट्रायकर दाखवला. चंदन, वय तेवीस. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. पोरगा वाऱ्यासारखा पळतो. योगराज म्हणाला, सिंगल हँड वापरलेला आहे, कुठे ठोकलेला नाही, पिकअप बघा.

पिकअप पाहिला. घ्यायचा.

९ नोव्हेंबर, रविवार

ऐतिहासिक दिवस.

योगराजने बोलणीसाठी पारोळ्याच्या बायपासवरचं हॉटेल ठरवलं. जळगाव आणि धुळे यांच्या मध्ये. मध्येच का, ते तिथे गेल्यावर कळलं. पलीकडच्या टेबलावर प्रेमराज, शेवभाजी खात होता.

"मी बी दखाले उनू," म्हणाला. म्हणजे तोही पोरगा बघायला आला होता. निर्लज्ज माणूस, त्याला अहिराणीतही लाज वाटत नाही.

योगराज दोन टेबलांमध्ये फिरत होता. मी चाळीस हजार म्हटलं. तिकडून पन्नास. मी सत्तर. तिकडून ऐंशी आणि एक प्लेट शेवभाजी जास्त. मी थेट दीड लाख आणि मोटरसायकल. हॉटेलातले लोक वळून बघायला लागले. अशी शांतता मी मार्केट यार्डातही पाहिलेली नाही.

प्रेमराजने हात धुतले, पुसले, माझ्याजवळ आला. "ल्या भाऊ, तुम्हीच ल्या. तुमले शोभस."

चेहरा पडला होता त्याचा. हसण्याचा प्रयत्न करत होता, त्यावरून कळतं.

करारावर तिथेच सही केली. योगराजचा छापील फॉर्म होता, 'वाहन' खोडून 'खेळाडू' लिहिलेलं. माझं नाव आहे ते पान नीट वाचलं. स्पेलिंग बरोबर होतं.

१० नोव्हेंबर

कामिनी म्हणाली, तिच्या बहिणीचा धुळ्याहून फोन होता. प्रेमराज कालपासून सारखा हसतो आहे म्हणे. धक्क्याने माणसाचं असं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आणखी तीन फॉरवर्ड घेतले. एक भुसावळचा, एक रावेरचा, एक चोपड्याचा. आता एकूण चार. जागा करायला मागच्या चार पोरांना मोकळं केलं. डिफेन्स. साधी, मेहरूणमधलीच पोरं. एक रिक्षा चालवतो, एक मेडिकलवर असतो. पाच-सहा वर्षं खेळतात, पण त्यांच्यात चमक नाही. बॉल आला की बाहेर मारतात. याला काय खेळ म्हणायचं?

संघपाल सर म्हणाले, "मग मागे कोण?"

म्हटलं, सर, बॉल मागे येईलच कशाला?

ते शिट्टी पुसत बसले. या लोकांचा सगळा वेळ पुसण्यात जातो.

२३ नोव्हेंबर, रविवार

लीगच्या आठ क्लबांची मीटिंग, धुळ्यात. मी ठराव मांडला: युरोपासारखी जानेवारीत ट्रान्सफर विंडो हवी. १ ते ३१ जानेवारी खेळाडू क्लब बदलू शकतील. अमळनेरचे म्हणाले, आपली लीग १८ जानेवारीला संपते. म्हटलं, तपशिलात अडकू नका. प्रेमराजने अनुमोदन दिलं. एवढ्या लवकर त्याने आयुष्यात कशाला हो म्हटलेलं नाही. माझं वजन वाढतं आहे.

३० नोव्हेंबर

जर्सी आल्या. थोडा घोळ. चंदनला दहा नंबर देतो म्हटलं होतं. रावेरच्यालाही. चोपड्याच्यालाही. तिघांना वेगवेगळ्या दिवशी म्हटलं होतं, त्यामुळे खोटं कोणालाच म्हणता येत नाही. तीन दहा नंबर छापले. प्रतिस्पर्धी गोंधळेल.

७ डिसेंबर, रविवार

पहिला सामना, भुसावळ. रेफरीने सुरुवातीलाच दोन दहा नंबर बाहेर काढले. नियमांचा कीस पाडणारा माणूस. शेवटी काळ्या चिकटपट्टीने एकाचा शंभर केला, एकाचा सोळा. शंभर नंबरचा रुसला आणि धावलाच नाही.

हरलो. ४-६. पण आपण चार गोल केले. गेल्या अख्ख्या सीझनमध्ये पाच होते. सहा गोल झाले त्याला गोलकीपर जबाबदार. प्रत्येक वेळी एकटाच उभा दिसत होता. सहकार्याची वृत्ती नाही.

चंदन म्हणाला, "साहब, पीछे कोई है ही नहीं."

तो पुढे बघायला ठेवलेला माणूस आहे. मागे बघतोच का?

११ डिसेंबर, गुरुवार

रविवारी धुळे. प्रेमराजचं पांझरा स्पोर्टिंग. गुप्त योजना तयार. तीन फॉरवर्ड उजवीकडे धावतील, सगळं धुळं तिकडे जाईल, आणि चंदन एकटा डावीकडून घुसेल. संध्याकाळी जेवताना कामिनीला सगळं समजावून सांगितलं, ताटात चटणी आणि लिंबाची फोड मांडून. ती बहिणीशी फोनवर बोलत होती, फोन स्पीकरवर होता, तरी दोनदा सांगितलं. तिला फुटबॉल कळत नाही. शाळेत गणित शिकवते.

उद्या फक्त संघपाल सरांना सांगणार. आणखी कोणालाही नाही.

१४ डिसेंबर, रविवार

३-५.

मन लागत नाही. तीन फॉरवर्ड उजवीकडे धावले. धुळ्याचे उजवीकडे एकही गेले नाहीत. डावीकडे तिघे उभे, पाहुण्यांना स्टँडवर घ्यायला आल्यासारखे. चंदन त्यांच्यात जाऊन अडकला.

सामन्यानंतर प्रेमराज म्हणाला, "साडूभाऊ, पुढला गडी बठ्ठा तुमना, मांगली जागा बठ्ठी आमनी." म्हणजे पुढचे गडी सगळे माझे, मागची जागा सगळी त्यांची.

फितुरी झाली आहे. योजना दोघांनाच माहीत होती. मला आणि संघपाल सरांना. मी सांगितली नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

सरांना काढलं. मोठे क्लब करतात तसंच सभ्यपणे. आधी व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, मग ग्रुपवर त्यांचे आभार मानले.

संध्याकाळी ते ऑफिसवर आले. वाटलं भांडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी सामानाच्या पेटीची किल्ली टेबलावर ठेवली, शिट्टी ठेवली आणि पोरांच्या हजेरीच्या बावीस वह्यांची चळत. म्हणाले, "सकाळी पोरं उपाशी येतात साहेब. दोन केळी द्या त्यांना. तुमच्याकडे तर आहेतच."

म्हटलं, धुळ्याला योजना कोणी सांगितली सर?

ते म्हणाले, "साहेब, मी बावीस वर्षांत माझ्या बायकोलासुद्धा टीम आधी सांगितली नाही."

तेव्हा माझा फोन वाजला. रावेरचा ट्रक. बोलून होईपर्यंत ते गेले होते.

फितूर लोक शांत असतात. मी वाचलं आहे कुठेतरी.

१७ डिसेंबर

आजपासून मॅनेजर मीच. सकाळी सहाची प्रॅक्टिस रद्द. युरोपात एवढ्या लवकर कोणी उठत नाही. पाचची संध्याकाळची ठेवली. पाचला सगळे कामावर असतात असं पोरं म्हणाली. निमित्तं.

२१ डिसेंबर, रविवार

विजय! चोपडा हरलं. ६-५. चंदनचे चार. मी साइडलाइनवरून दोन्ही हातांनी दिशा देत होतो. शेवटच्या गोलआधी मी "शूट" म्हणालो आणि त्याने शूट केलं. मॅनेजर आणि खेळाडूंमध्ये असं एकमत दुर्मिळ.

सरांमुळेच अडलं होतं सगळं. कामिनीला म्हटलंसुद्धा. ती वह्या तपासत होती. म्हणाली, चोपड्याचा गोलकीपर बाराव्या मिनिटाला लंगडत बाहेर गेला ना? तुझ्या बहिणीने सांगितलं का, म्हटलं. हो म्हणाली.

धुळ्याला चोपड्याची एवढी बातमी कशी?

२३ डिसेंबर

ऐकलं की संघपाल सर पारोळ्याला शिकवायला जातात. त्यांचा कोच नोकरीनिमित्त पुण्याला गेला. दीपनगरहून पारोळा, स्कूटरवर, या वयात. आणि मी मोकळी केलेली चार पोरंही शनिवारी-रविवारी तिकडे. जाऊ दे. पारोळा एक सामना जिंकलं, एक हरलं, एक बरोबरीत. साध्या माणसांना साधी टीम.

२८ डिसेंबर, रविवार

अमळनेर. २-५. वारा उलटा होता. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या, तेव्हा वाराही बदलला.

१ जानेवारी, गुरुवार, दुपारी

चंदन गेला.

सकाळी आला, पाया पडला, मोटरसायकलची चावी ठेवली. "साहब, काँट्रॅक्ट खतम हो गया." म्हटलं, वर्षाचा करार आहे. त्याने दुसरं पान काढलं. मुदत: चालू कॅलेंडर वर्ष. योगराजला फोन केला. तो म्हणाला, भाऊ, टॅक्स त्या हिशेबाने भरतात, मी तोच फॉर्म वापरला. तुम्ही वाचला नव्हता का?

नऊ नोव्हेंबर ते एकतीस डिसेंबर. एकूण चार सामने. दीड लाख.

चंदन कुठे जातो आहे ते मी विचारलं नाही. जर्सीच्या पिशवीवर 'पांझरा' लिहिलं होतं. प्रेमराजने एक रुपया दिला नाही. म्हणे धुळ्याला त्याच्या मावशीचं घर आहे, राहायची सोय आहे आणि प्रॅक्टिस सकाळी सहाला असते.

विंडो कोणी आणली? मी. किमान लीगमध्ये सुधारणा झाली हे मान्य करावं लागेल.

४ जानेवारी, रविवार

रावेर. ०-४. चंदन गेला म्हणून बाकीचे फॉरवर्ड खुश होते. आता दहा नंबर कोणाचा यावरून हाफटाइमला दोघांची मारामारी झाली. रावेरचा रावेरलाच राहिला. चोपड्याचा बसस्टँडवर उतरला. भुसावळच्याने सामना संपायच्या आधीच रेल्वे पकडली. जिद्द नाही कोणात.

१० जानेवारी, शनिवार

लिहावं की नाही.

उद्याच्या शिरपूरच्या सामन्याची योजना जेवताना सांगत होतो. कामिनीने चपाती भाजायची थांबवली. म्हणाली, "हळू बोला, ताईचा फोन चालू आहे."

म्हटलं, मग?

"मग काय. तुम्ही चटणीचं आणि लिंबाचं सांगितलं तेव्हाही चालू होता. ताईच्या शेजारी प्रेमराज भाऊजी जेवत होते. त्यांनी तिथेही चटणी आणि लिंबू मांडून पाहिलं."

मी विचारलं, तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. स्पीकर तुम्हीच लावला होता. ताईला सांगत होतात, यंदा तुमचं काही खरं नाही."

खिडकीत जाऊन उभा राहिलो. बाहेर काही नव्हतं.

म्हणजे सर नव्हते.

सरांना फोन करावा का? दीपनगरला रेंजचा प्रॉब्लेम असतो असं ऐकलं आहे. आणि उशीर झाला आहे. सव्वाआठ. जुनी माणसं लवकर झोपतात.

११ जानेवारी, रविवार

शिरपूर. ०-३. आपले नऊच आले. नऊ जणांत तीन गोल, म्हणजे माणशी हिशेब केला तर फार नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सरांना मेसेज लिहायला बसलो. "सर, त्या दिवशी" इथपर्यंत लिहिलं. पुसलं. "सर, एक गैरसमज" लिहिलं. पुसलं. शेवटी तिळगुळाचं चित्र फॉरवर्ड केलं. हलव्याचे दागिने घातलेलं बाळ आहे त्यात.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "साहेब, आपणासही. सर्व मुलांना आशीर्वाद."

कोणती मुलं? सहा उरली आहेत.

१६ जानेवारी, शुक्रवार

नियम: मैदानात सात माणसं नसतील तर सामना होत नाही. वॉकओव्हर. रविवारी शेवटचा सामना, आपल्याच मैदानावर, पारोळ्याशी. पारोळा जिंकलं तर कप पारोळ्याला. नाहीतर धुळ्याला, म्हणजे प्रेमराजला. एका घरात दुसऱ्यांदा. वॉकओव्हर दिला तर पारोळा न खेळताच जिंकेल, पण आपल्याच मैदानावर माणसं कमी पडली असं आत्मचरित्रात लिहिता येणार नाही.

सहा जण पक्के. बाकीचे लग्नाला. लग्नसराई जानेवारीत ठेवणाऱ्या समाजाची क्रीडाक्षेत्रात प्रगती होणार नाही.

योगराजला विचारलं, सातवा मिळेल का? म्हणाला, भाऊ, या किमतीत चालू स्थितीत काही नाही.

दुपारी फॉर्म भरला. खेळाडूचं नाव: हितेंद्र महाजन. वय: सत्तेचाळीस. जागा: गोलकीपर. गोलकीपरला धावावं लागत नाही. मी मॅनेजर असताना हे निरीक्षण केलं आहे.

१८ जानेवारी, रविवार

डाव्या हाताने लिहितो आहे.

मैदानावर गर्दी. एवढी गर्दी मी आणलेल्या स्टारना पाहायला कधी नव्हती. सासरे आले होते. पारोळ्याहून, पारोळ्याच्या बाजूने. प्रेमराजही होता, माझ्या बाजूने. आयुष्यात पहिल्यांदा तो ओरडत होता, हितेनभाऊ, अडावा! अडावा!

मी अडवायला उभा होतो. बॉल येताना मोठा दिसतो. टीव्हीवर एवढा दिसत नाही. पहिला गोल चौथ्या मिनिटाला. दुसऱ्याला मी बरोबर दिशेला पडलो, थोडा उशिरा. माझ्या बाजूचे सहा जण धावत होते, ते कुठे ते कळत नव्हतं. समोर मीच मोकळी केलेली चार पोरं. रिक्षावाला पोरगा मागे उभा राहून बॉल अडवतो, वर बघतो, शांतपणे पुढे देतो. बाहेर मारत नाही. बाहेर कधी मारत होता?

पाचव्या शॉटला बॉल बोटावर बसला. उजव्या हाताचं मधलं. आवाज मलाच आला. तरी उभा राहिलो. सहावाही गेला. हाफटाइम.

मी पोस्टला टेकून बसलो होतो. संघपाल सर पलीकडून चालत आले. बोलले नाहीत. हात मांडीवर घेतला, बोटाला आईसक्रीमची काडी लावून टेप गुंडाळली. घट्ट, पण दुखणार नाही अशी. जवळून पाहिलं तर त्यांचे केस सगळे पांढरे. बावीस वर्षांपूर्वी काळे असतील.

आता म्हणावं असं वाटलं. तोंड उघडलं. म्हणालो, "सर, टेप कोणत्या कंपनीची?"

"साधीच आहे साहेब. मेडिकलची." आणि गेले.

दुसऱ्या हाफमध्ये पारोळ्याने एकही शॉट मारला नाही. पंचेचाळीस मिनिटं! बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझ्या जवळ यायची कोणाची छाती झाली नाही. एका हाताने मी क्लीन शीट ठेवली, म्हणजे एकही गोल होऊ दिला नाही. अर्धी, पण क्लीन.

०-६. कप पारोळ्याला. पोरांनी सरांना उचललं. सासऱ्यांनीही हात लावला.

१९ जानेवारी, सोमवार

एक्स-रे. हाड तुटलं आहे. तीन आठवडे.

कामिनीला क्लीन शीटबद्दल सांगितलं. ती औषधाची चिठ्ठी वाचत होती. म्हणाली, ती पारोळ्याच्या पोरांच्या बाकाशेजारीच बसली होती. हाफटाइमला सरांनी पोरांना गोळा केलं. म्हणाले, कप आला आपला. आता गोलकडे मारायचं नाही. साहेबांचं बोट मोडलं आहे, ते बाहेर जाणार नाहीत, कारण गेले तर सहाच उरतात. ज्याला हौस आहे त्याने मला मारावं.

म्हटलं, हे तू कालच का नाही सांगितलंस?

"काल तुम्ही फार खुश होतात."

२१ जानेवारी

नोंद नाही.

२५ जानेवारी, रविवार, दुपारी

दीपनगरला गेलो. कामिनीने गाडी चालवली. कॉलनीच्या गेटपाशी तिला म्हटलं, वीज केंद्राच्या चिमण्या बघून परत जाऊ. तिने ऐकलं नाही. गाडी थेट सरांच्या दाराशी लावली आणि स्वतः आत बसून राहिली.

सर घरी नव्हते. त्यांची बायको मंदाबाई होत्या. म्हणाल्या, पारोळ्याला मिरवणूक आहे, संध्याकाळी येतील. बसा. मी म्हटलं, सहज आलो होतो. या रस्त्याने कुठे निघालात, त्यांनी विचारलं. त्या रस्त्याने पुढे काही नाही, हे मला तेव्हा कळलं.

चहा झाला. कप डाव्या हाताने धरला. बशीत सांडला.

मी म्हणालो, "सरांना सांगा, ते नव्हते."

"काय नव्हते?"

"फितूर. धुळ्याला सांगणारे. ते नव्हते."

मंदाबाईंनी बशी पुसली. म्हणाल्या, "भाऊ, त्यांना माहीत आहे ते नव्हते म्हणून."

हे खरं होतं. मी विचार केला नव्हता. पंधरा दिवस जे सांगायला मी धडपडत होतो, ते जगात सगळ्यात आधी ज्याला माहीत होतं त्यालाच सांगायला आलो होतो.

मग म्हटलं, "तर मग सांगा, मलाही माहीत आहे."

"हां," म्हणाल्या. "हे सांगते. हे त्यांना माहीत नाही."

गाडीत कामिनीने विचारलं, झालं का? झालं, म्हटलं. वरणगाव फाटा आला. वरणगाव परत येताना लागत नाही, ती चुकून उलट्या दिशेला गेली होती.

२८ जानेवारी, बुधवार

मेहरूणच्या पोरांनी मीटिंग घेतली. मला निरोप नव्हता, खिडकीतून दिसली. 'मेहरूण क्रीडा मंडळ' हे जुनं नाव पुन्हा नोंदवलं. चौघे पारोळ्याहून परत. माझे सहाही तिकडे. संघपाल सर पुढच्या महिन्यापासून पहाटे येणार.

सामानाची पेटी न्यायला दोघे आले. किल्ली दिली. हजेरीच्या वह्या पण न्या, म्हटलं. केळीचे दोन घड दिले. त्यांनी पैसे विचारले. मी अपमान करून हाकललं.

मेहरूण युनायटेड माझ्याकडेच राहिलं. लेटरहेड, रबरी शिक्का आणि तीन दहा नंबर.

३१ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी

विंडोचा शेवटचा दिवस. लीगने उपलब्ध खेळाडूंची यादी सकाळी ग्रुपवर टाकली. हा माझाच ठराव होता, त्यामुळे तक्रार नाही. मेहरूण युनायटेडच्या खाली एकच नाव. महाजन हितेंद्र, गोलकीपर. अनुभव: एक सामना. किंमत: फुकट. शेरा: बोट.

फोन चार्ज करून टेबलावर ठेवला. मार्केट अंदाज घेतं आहे. शेवटच्या तासात खरी हालचाल होते. युरोपात तर शेवटच्या मिनिटात.

अकरा वाजता एक फोन. ट्रकवाला.

चारला योगराज. मला वाटलं बोलणी. त्याला मोटरसायकल विकायची आहे का ते हवं होतं.

सहाला विंडो बंद झाली. कामिनीने विचारलं, कोणाची वाट बघताय? कोणाची नाही, म्हटलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी प्रेमराज.

"साडूभाऊ, यादीमा तुमनं नाव दखं."

बोला, म्हटलं. आवाज सपाट ठेवला. उत्सुकता दाखवली की किंमत पडते.

"आमले गोलकीपर नही पाहिजे."

मागे त्याच्या घरात कोणीतरी भांडी लावत होतं.

"पन उद्या रविवार शे. भरीत करी राहिनी घरमा. तुम्ही दोन्ही जेवाले या."

विचार करून कळवतो, म्हटलं. लगेच हो म्हणायचं नसतं, समोरच्याला भाव कळतो.

बरं, म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

दहा मिनिटं वाट पाहिली. मग मीच लावला.